सुई, खिळे आणि सखूबाईंची विहीर

दर मुक्कामाला आमचं एखादं भांडं हरवायचं आणि दोन किस्से वाढायचे. भांडी पुन्हा घेता आली. किस्से मात्र अजून घरात मावत नाहीत.

आमचे हे सर्व्हेत होते. साठ सालानंतर आम्ही अकोल्याला होतो. बाळापूर रस्त्यावरच्या एका वस्तीला विहीर हवी होती. पण शेजारच्या बंद गोदामवाल्यांनी कपाशीवर फवारायच्या विषारी औषधाची जुनी लोखंडी पिंपं मैदानात कुठेतरी पुरली होती. कुठे, ते कोणालाच आठवेना. ती सापडल्याशिवाय विहीर नाही, आणि बाया लांबून पाणी वाहत होत्या.

*

ह्यांच्या यंत्रात चुंबकाची सुई होती. जमिनीखाली लोखंड असलं की ती हलायची. म्हणून जवळ जाणाऱ्याच्या अंगावर लोखंड चालत नसे. मी डबा घेऊन जायची, तर माझ्या किल्ल्या, पिना, सगळं काढून ठेवलं. मदतनीस गुलाबरावांचा पट्टाही बकलापायी गेला. दिवसभर एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात पँट! संध्याकाळी म्हणाले, "साहेब, पिंपं उद्या सापडतीन. मले आज नाडा पायजे."

*

दुसऱ्या दिवशी सुई जागोजागी नाचू लागली. ह्यांचा चेहरा उतरला. सगळं मैदानच विषारी असेल, तर विहीर कुठे खणायची? गुलाबरावांनी उकरलं, तर खिळा निघाला. पुढेही खिळाच. विषाचं कळल्यावर वस्तीने, बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात तसे, मैदानभर खिळे ठोकले होते!

वस्तीच्या कारभारीण सखूबाई शांतपणे म्हणाल्या, "विष बांधून ठेवलं साहेब. आता ते भाईर येईन कावून?"

*

खिळे उपटायला कोणी तयार होईना. शेवटी ह्यांनी शब्द दिला, पिंपं सापडली की त्या खड्ड्याभोवती सगळे खिळे पुन्हा ठोकू, पहिला मी. मैदान लगेच मोकळं झालं. सुई गोदामाच्या मागच्या भिंतीशी झुकली. खणल्यावर वासानेच सगळे मागे सरले. पिंपं सरकारी माणसांनी नेली, आणि शब्दाप्रमाणे खिळा ठोकताना ह्यांनी अंगठा ठेचून घेतला. सखूबाईंनी हळद लावली. "सुई जमते साहेब तुमाले, हातोडी नाई."

*

विहीर मैदानाच्या दुसऱ्या, चढाच्या टोकाला झाली. पाणी तपासून चांगलं ठरलं. पहिली बादली वर आली, पण प्यायला कोणी पुढे होईना. एक म्हातारबा म्हणाले, "आधी सुई धरा." हे काही सांगायच्या आत गुलाबरावांनी यंत्र बादलीशी नेलंसुद्धा. सुई गर्रकन वळली. सगळी वस्ती मागे! हे समजावत राहिले, ऐकतो कोण?

सखूबाईंनी ती लोखंडी बादली उचलली, पाणी आपल्या मडक्यात ओतलं आणि मडकं यंत्रासमोर धरलं. सुई हलली नाही.

त्या ओंजळभर प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि रिकामी बादली गुलाबरावांच्या हातात दिली.

"हिले पुरा तिकडं, पिंपाच्या जागी. पाणी आपलं हाय."