मेंढीचोर नेमका कुणाचा?

शनिवार, सात जून. हजर: टास्मानियाहून आलेले पाहुणे, वय एक्याऐंशी, चढावरच्या घरचे म्हातारबाबा, ओढ्याकाठच्या घरच्या बाई, आणि मी. गैरहजर: माझा नवरा. रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात त्याची शनिवारची पाळी होती.

पाहुण्यांचे खापरपणजोबा आयर्लंडमधल्या आमच्या या कॉर्कजवळच्या खेड्यातले. मेंढी चोरली म्हणून सात वर्षांची शिक्षा देऊन त्यांना जहाजानं टास्मानियाला धाडलं. मुदत संपली, पण परत येणं काही जमलं नाही. त्यांच्या जन्मघरच्या चुलीपाशी पाहुण्यांना एकदा बसायचं होतं, आणि सोमवारी त्यांचं विमान होतं. अडचण अशी, की त्या आडनावाची घरं दोन आणि चोर आमचाच, असं दोघांचंही म्हणणं. मी मूळची पुण्याची, गावात कुणाच्या नात्यातली नाही, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

"आमच्या घराण्यात धमक होती," बाई म्हणाल्या.

"तुझे आजोबा गोगलगाईला घाबरायचे," म्हातारबाबा म्हणाले.

"आणि तुमच्या वडिलांनी चोराचं नावसुद्धा घरात काढू दिलं नाही. आता बरा आठवला!"

मी सगळ्यांना चहा दिला आणि पाहुण्यांची फाइल मागून घेतली. कागद उलटसुलट लागले होते, ते तारखेप्रमाणे लावले. जहाजावरची यादी, रस्त्यासाठी खडी फोडल्याची नोंद, सुटकेचा दाखला, पुढं स्वतःचीच मेंढरं पाळल्याचा कागद. एक कागद पाहुण्यांनी अक्षर लागत नाही म्हणून सोडून दिला होता. ती मेंढीच्या मालकाची कोर्टातली जबानी निघाली. भिंग घेऊन तासभर बसले आणि मोठ्यानं वाचून दाखवली. मालक म्हणतो, मेंढी माझ्या ओढ्याकाठच्या घरामागून गेली. चिखलातली पावलं चढावर, चुलतभावाच्या दारापर्यंत होती. आत मटण शिजत होतं.

म्हातारबाबांनी टेबलावर थाप मारली. "ग्रँड! अगदी ग्रँड!"

"म्हणजे आम्ही नुसते मेंढीवाले?" बाई म्हणाल्या.

पाहुणे चढावरच्या घरात चुलीच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ बसले. उतरताना पाहुणे बाईंच्या दारात थांबले आणि टोपी काढून म्हणाले, "तुमची एक मेंढी आम्ही देणं लागतो."

"मेंढी नको. मला चोर हवा होता."

तरी जाण्यापूर्वी पाहुण्यांनी शेजारच्या शेतकऱ्याकडून एक मेंढी विकत घेतली आणि ती बाईंकडे पोचवायचं काम माझ्यावर सोपवलं. मी दोनदा बाईंकडे जाऊन आले. पहिल्यांदा कुंपण मोडलेलं होतं. नवऱ्यानं ते दुरुस्त करून दिलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, लोकर अंगाला सोसत नाही. हातात अर्धा विणलेला स्वेटर होता. त्या शनिवारी ठरलेलं बाकी सगळं उरकलं. मेंढी मात्र अजून शेतकऱ्याकडेच चरते आहे.