नवऱ्याच्या नावातली तीन इंग्रजी अक्षरं

संयोगिता कुंडल गावची सून. घरचा ऊस, गोठ्यात म्हशी, असं सगळं सोडून ती मुलीच्या इंग्रजी शाळेसाठी सांगलीला विश्रामबागेत भाड्यानं राहायला आली, आणि मुलीआधी तिचीच परीक्षा सुरू झाली. पहिल्याच दिवशी सोसायटीच्या अश्लेषा मॅडमनी विचारलं, "मिस्टर आर्मीत? म्हणजे ऑफिसर ना?" संयोगितानं मान हलवली. तिचा नवरा वीरधवल हवालदार होता, लष्कराचा ट्रक चालवायचा. पण एकदा हलवलेली मान परत घेता येते का? त्या मानेपायीच तिला भिशीत जागा मिळाली होती आणि मुलीला वाढदिवसांची बोलावणी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी मॅडमनी फर्मान काढलं: यंदा उखाणे बंद. उखाणे म्हणजे मागासलेपणा. प्रत्येकीला नवऱ्याच्या नावातली तीन इंग्रजी अक्षरं मिळतील, ती तिन्ही ज्यात येतात असा इंग्रजी शब्द तिनं सांगायचा; सगळ्यात भारी शब्दाला पहिला नंबर. झालं, अख्खी सोसायटी कामाला लागली. भाज्या करपल्या, दूध उतू गेलं. अक्षरं टाकली की शब्दांची रास ओतणारी एक साइट कुणाला तरी सापडली, आणि "कुणाला सांगू नकोस हं" असं म्हणत म्हणत ती सगळ्यांच्या मोबाइलवर पोचली.

संयोगिताच्या वाट्याला व्ही, आर आणि डी आली. तिनं साइट उघडली, तर वरच्याच ओळीत शब्द होता: ड्रायव्हर. तिनं झटकन मोबाइल पालथा घातला.

वीरधवलचा फोन आल्यावर तिनं त्यालाच साकडं घातलं. "आवं, या तीन अक्षरांचा एखादा भारी शब्द सांगा की."

सरहद्दीवर बर्फात बसलेल्या वीरधवलनं हे काम वरून ऑर्डर आल्यासारखं घेतलं आणि सगळी तुकडी जुंपली. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याचा आवाज नुसता फुलला होता. "लिहून घे. ओव्हरलोड. रिव्हरबेड. व्हॅनगार्ड. एक केरळचा गडी हाय, त्यानं लय डोकं चालवलं. पर मी म्हंतो, कशाला एवढा खटाटोप? ड्रायव्हर म्हण की! तिन्ही अक्षरं हायती, आन् खरंबी हाय."

"बगते," म्हणून तिनं फोन ठेवला. तिला स्वतःचीच लाज वाटली. विश्रामबागेत आपल्याला परस्पर बढती मिळालीय, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. तरी तिनं व्हॅनगार्डच पाठ केला.

हळदीकुंकवाला बायका एका हातात तिळगूळ आणि पदराआड मोबाइल धरून उठत होत्या, शब्द फेकून बसत होत्या. कुणी चुकून अर्थ विचारलाच, तर मॅडम डोळे वटारत. मग त्यांनी पुकारलं, "आता आपल्या ऑफिसरसाहेबांच्या मिसेस!"

संयोगिता उठली. ओव्हरलोड सांगताना नवरा किती खुशीत होता, ते तिला आठवलं. पाठ केलेला शब्द काही ओठांवर येईना.

"ड्रायव्हर," ती म्हणाली.

"व्ही आहे, आर आहे, डी आहे. छान. बसा."

"न्हाई, म्हंजे ते ड्रायव्हर हायत. ऑफिसर न्हाईत. मी खोटं बोलले."

शहरात आल्यापासून दाबून धरलेली बोली एकदम बाहेर पडली.

मॅडम सावरून हसल्या. "अहो, अर्थ नाही विचारला. फक्त अक्षरं."

"मला अर्थच सांगायचाय," संयोगिता म्हणाली. "ज्या रस्त्यानं चालत जायची छाती हुईना, तिथनं ते रेशन घिऊन वर बर्फातल्या चौक्यांवर जात्यात. ते पोचले न्हाईत, तर वरच्यांची चूल पेटत न्हाई."

कुठं बघावं ते न कळल्यामुळं सगळ्यांनी मोबाइलमध्ये बघितलं. पहिला नंबर एका लांबलचक शब्दाला गेला. सांगणारीलाही तो दुसऱ्यांदा म्हणता आला नसता. संयोगिता सगळ्यांसारखंच वाण घेऊन घरी आली. पुढच्या भिशीचा निरोप आपल्याला येणार नाही, हे तिला वाटेतच कळून चुकलं.

वीरधवलचा फोन आला. तुकडीतले गडी मागं कालवा करत होते. "काय गं, आला का नंबर?"

"नंबर न्हाई आला," ती म्हणाली. "पर तुमचं नाव घेतलं."