मोनो माणसासाठी स्टीरिओ

स्पीकर कसा पारखायचा हे मला कोणी शिकवलं नाही. गाण्यातलंही मला फार कळत नाही. गाणारा काय म्हणतोय ते शब्द न् शब्द समजलं की माझ्या लेखी स्पीकर चांगला. माझी शाळा चौथीपर्यंतची. स्पीकरची परीक्षा घ्यायला तेवढी पुरली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो. आमचे मालक अंबरनाथच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. ती धडधड ऐकून ऐकून त्यांचा डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, गेला तो गेला, उजवा शाबूत आहे, तो जपा. कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. नोकरी टिकली, म्हणून मी खूश होते. ते नव्हते.

कारण ते ढोलकी वाजवायचे. आमच्या बुद्धविहाराची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत कार्यक्रम चालायचे. कान गेल्यावर एका कार्यक्रमात गाणाऱ्याने लय वाढवली आणि मालक मागेच राहिले. पुढच्या कार्यक्रमातही तेच. कोणी हसलं नाही, पण त्यांनी ढोलकी आणून माळ्यावर टाकली. पार्टीवाले बोलवायला आले की म्हणायचे, "दुसरा बघा." घरात गप्प. भांडायचेसुद्धा नाहीत. शेजारीण म्हणायची, गप्प नवरा म्हणजे नशीब. मी म्हटलं, ने चार दिवस तुझ्याकडे.

मी ठरवलं, घरात नीट ऐकू येईल असा टेप आणायचा. ऐकू आलं तर हात शिवशिवतील. आमचा जुना टेप घशात काटा अडकल्यासारखा वाजायचा, त्याच्यावर काही भागणार नव्हतं.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एक सिंधी दुकानदार होता. टेप कोणताही घ्या, स्पीकर आपल्या पसंतीचे लावून द्यायचा. मी मालकांना घेऊन गेले, आमची कॅसेटही सोबत नेली होती. मागे पार्टीचा कार्यक्रम कोणीतरी दोन माइकच्या टेपवर भरून घेतला होता. त्यात ढोलकी मालकांचीच.

दुकानदाराने मालकांना मध्ये स्टुलावर बसवलं आणि स्पीकरचा एक खोका डावीकडे, एक उजवीकडे मांडला. खोके काळे, पुढे लुकलुकणारे दिवे.

"भाभी, पहले हमारी कॅसेट सुनो. बेस देखो, बेस."

"बेस तुम रखो. मेरी कॅसेट लगाव."

त्याने लावली. काउंटरची काच थरथरायला लागली. माझ्या छातीत घुमत होतं, पण गाणारा गोधडीत तोंड घालून गातोय असं वाटलं. एक शब्द कळेना.

मालक म्हणाले, "कोण वाजवतोय हा? हात फार जड आहे."

"तुम्हीच आहात."

"मी असा नाही वाजवत."

"मग स्पीकर बदला," मी दुकानदाराला म्हटलं.

दुसरी जोडी छोटी, चंदेरी. दुकानदार म्हणाला जपानी आहे. असेल. शब्द कळत होते, पण प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायची. दोन कडव्यांत माझं डोकं दुखायला लागलं. मालकांना शिट्टी जाणवली नाही. ते वेगळंच विचारत होते, "हार्मोनियम कुठंय? त्या दिवशी होती ना?"

हार्मोनियम तर मला चांगली ऐकू येत होती.

कोपऱ्यात एक साधी लाकडी जोडी होती, पुढून तपकिरी कापड लावलेली. दुकानदार म्हणाला, "वो किसी का पुराना है. तुमको नहीं जमेगा."

"लगाव तो."

हे मात्र निराळं निघालं. गाणारा समोर बसल्यासारखा. ढोलकीचं बारीक तोंड वेगळं, जाड तोंड वेगळं, आणि शब्द स्वच्छ. मला पसंत पडलं. पण मालक मान हलवत होते. "हार्मोनियम नाहीच."

दुकानदाराने एक बटण डावीकडे फिरवलं. उजवा खोका बंद झाला. डाव्यातून हार्मोनियम नुसती ठणठणीत वाजत होती.

"बंद पडला का?" मालकांनी विचारलं.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "डावा कान गया उनका."

"तो भाभी, एक खोकेवाला मोनो ले जाओ. स्टीरिओ तो दो कान का माल है."

एका खोक्याचे त्याच्याकडचे टेप मी बघितले. आमच्या घरच्या टेपचे भाऊबंद होते सगळे. मी उठले, डावा लाकडी खोका उचलला आणि उजव्याच्या वर ठेवला. वायर कशीबशी पुरली.

"अरे भाभी, ऐसा नहीं. एक इधर, एक उधर रखने का. स्टीरिओ है."

"स्टीरिओ तुम्हारा होगा. हमारा आदमी मोनो है."

मालक हसले. दुकानदारही हसला आणि बटण परत मध्ये आणलं. पुढचं गाणं मालकांनी खाली मान घालून ऐकलं. अर्ध्यात त्यांची बोटं काउंटरवर पडायला लागली. मी म्हटलं, हेच द्या.

घरी दोन्ही खोके एकावर एक, उजव्या भिंतीला. शेजारीण बघायला आली. "दुसऱ्या बाजूला जागा नाही का गं?"

"जागा आहे. कान नाही."

ढोलकी लगेच काही खाली आली नाही. आधी नुसतं ऐकणं. मग मांडीवर थाप, मग जेवताना ताटाच्या कडेवर. एका रविवारी मी बाजारातून आले तर स्टुलावर चढून माळ्यावर हात घालत होते. ढोलकीची चामडी पानं सैल पडली होती, ती ओढून घेतली आणि कॅसेटबरोबर वाजवायला बसले. चुकले की कॅसेट मागे. मी भाकऱ्या थापता थापता सांगायची, "मागे पडलात."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. गाणारा कडवं संपवून थांबलाय, तुम्ही अजून वाजवताय."

त्यावर ते चिडायचे. मला बरं वाटायचं. घर पुन्हा बोलायला लागलं होतं.

जयंती जवळ आली तसा पार्टीचा गाणारा घरी आला. नेहमीसारखा दारातच उभा राहिला, नकाराची सवय झालेली. मालक म्हणाले, "येतो. पण बैठक बदलायची. तू आणि हार्मोनियम माझ्या उजव्या अंगाला."

"दादा, अख्खी बैठक उलटी होईल. लोक काय म्हणतील?"

"लोक ऐकायला येतात का बैठक मोजायला?"

गाणारा थोडा घुटमळला. "आणि कोरसवाले? ते मग तुमच्या डावीकडे येतील."

"येऊ दे. दोन कान होते तेव्हा तरी त्यांचं कुठे ऐकत होतो मी?"

त्याच संध्याकाळी ढोलकी खांद्याला अडकवून ते तालमीला निघाले. जेवण झाकून ठेव, उशीर होईल, म्हणाले. मी म्हटलं, होऊ दे.