दोन सेंटिमीटरचे वडील

वडिलांचा उजवा हात माझ्याकडून तीन वेळा मोडला. एकदा खांद्यातून निखळला, एकदा कोपरात तुटला आणि तिसऱ्यांदा मीच चिडून पक्कडीनं उपटून भिंतीवर फेकला. वडील दोन सेंटिमीटर उंचीचे होते. आत तांब्याची तार, वर रंगाऱ्याच्या लांबीचा लेप, त्यावर स्टेशनमास्तरचा पांढरा कोट रंगवलेला. तार कोठीच्या बाजारातल्या एका घड्याळवाल्याकडून आणली होती. "इत्ती बारीक तार कू क्या करते साब?" त्यानं विचारलं. "बाप बनाना है," मी म्हणालो. तो हसला आणि तार कागदात गुंडाळून दिली.

निवृत्त झाल्यापासून नल्लकुंट्याच्या आमच्या घरात, जुन्या दरवाजाच्या फळीवर मी आगगाडी मांडून बसलोय. पोरांचा खेळ नव्हे, सगळं मापात, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. इंजिन-डबे विकत मिळतात, पण मला हवं होतं ते स्टेशन कुठं मिळणार? मीटरगेजवरचं, साठेक वर्षांपूर्वीचं, वडील जिथं मास्तर होते ते. मालधक्का, चिंचेचं झाड, तिवईवरचा पाण्याचा रांजण, शेंगा विकणारी बाई, असं एकेक करत मी ते उभं केलं. येणारे-जाणारे कौतुक करायचे. मात्र त्या फलाटावर जे घडलं होतं ते मी कधी मांडलं नव्हतं.

यंदा मांडलं ते दादाच्या कानामुळे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कुकटपल्लीला राहतो. डावा कान त्याचा बाराव्या वर्षीच गेला. आता उजवाही चाललाय, मशीन लावून वर्षभर ऐकू आलं तरी खूप, असं डॉक्टर म्हणाले. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी उभ्या जन्मात सांगितली नव्हती. तोंडानं होईना, म्हणून हातानं करायला घेतली.

एकेरी लाइनीवर गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून त्या काळी एक लोखंडी गोळा असायचा, मोसंबीएवढा. येणारा ड्रायव्हर तो वेताच्या मोठ्या कड्याला लावून मास्तरकडं टाकायचा. मास्तर तो ऑफिसातल्या यंत्रात घालायचा, तेव्हाच त्या बाजूला पुढची गाडी सोडता यायची. त्या दुपारी मालगाडीचा गोळा आला आणि टेबलावरून नाहीसा झाला. पॅसेंजर फलाटाला लागलेली, ती दीड तास तिथंच. गार्ड वडिलांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलला. शेवटी पोर्टरला गोळा सापडला. बाकावर गणितं सोडवत बसलेल्या दादाच्या दप्तरात.

तो यंत्रात घालायलाही वडील थांबले नाहीत. त्यांनी कडं उचललं. वेत गोल असल्यामुळे फटका अंगाला गुंडाळून बसायचा आणि सुटताना कातडी घेऊन सुटायचा. दादा "मी नाही घेतला" म्हणायचा, आणि प्रत्येक 'नाही'ला एक फटका. सदरा फाटला, दादा खाली पडला, तेव्हा पोटात बूट बसला. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. एकजण शेंगा सोलत होता, त्याचं सोलणं थांबलं नाही. खाली कुणी उतरलं नाही. मग दादानं मान वळवून रांजणाकडं पाहिलं आणि म्हणाला, "मीच घेतला." वडिलांनी त्याला बखोटीला धरून उभं केलं आणि उजव्या हाताची एक कानाखाली ठेवून दिली. कानातून रक्त आलं. मग त्यांनी गाडी सोडली.

गोळा मी घेतला होता. नऊ वर्षांचा होतो. मालधक्क्यामागं तो गडगडवत होतो, तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. घाबरलो. दादा लघवीला उठला ती संधी साधून गोळा त्याच्या दप्तरात सरकवला आणि रांजणामागं जाऊन बसलो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं चोरानंच संन्याशाला सुळापाशी नेऊन बसवलं. मार सोसवेना म्हणून दादानं कबूल केलं, असं मी आजवर धरून चाललो होतो.

दोन महिने मी तो मार घडवत होतो. कबूल करतो, मला त्यात गोडी लागली. वडिलांचा जबडा सुईनं कोरला, बुटाला काळं लावलं. दादाची पाठ सोलून काढली आणि कानाखाली सुईच्या टोकानं लाल रंग सोडला. एकदा चाकू निसटून अंगठ्यात घुसला, चार टाके पडले, पण फडकं गुंडाळून आधी वडिलांचं कोरायला घेतलेलं बोट पुरं केलं. मला बापाला शिक्षा करायची होती, तीही चारचौघांत, जशी त्यांनी केली तशी. खिडक्यांत बघणारी तोंडं बसवली. रांजणामागचा मुलगाही केला होता. तो डबीतच राहिला. उद्या लावू, असं रोज म्हणत होतो.

आमच्याकडं दरवर्षी महालक्ष्म्यांपुढं हीच आगगाडी आरास म्हणून मांडतात. बायकोनं यंदा ती पाहिली आणि पदर तोंडाला लावला. "दोघी बहिणी तीन दिवस माहेरी येतात, आणि तुम्ही त्यांना रक्त दाखवायलात?"

"जे झालं ते दाखवायलोय," मी म्हणालो.

"पुसा ते."

मी फळीवर अशी मूठ आपटली की इंजिन रुळावरून पडलं आणि चहाचा कप फुटला. ती खाली बसून काचा वेचू लागली. "मामंजींचाच हात आहे तुमचा," ती म्हणाली, "उगी त्यांना कशाला बोल लावता." मला तिचाही राग आला, कारण ते खरं होतं. पण रक्त पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, घर भरलं. पुरणाचा वास, सोळा भाज्या, आंबील. पानं वाढून होईपर्यंत लोक फळीवर वाकून बघत होते. "हा बाप की कसाई?" आमचे व्याही म्हणाले. मला बरं वाटलं. वडिलांना सगळीकडून मार बसत होता आणि माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं.

दादा उशिरा आला. उजव्या कानात नवं मशीन. तो वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"शेंगावाली नव्हती त्या दिवशी," तो शेवटी म्हणाला. "रविवार होता. बाजारला गेलती ती."

"काढतो तिला."

"आन तू कुठायस ह्याच्यात?"

पंगतीला बसलेले वर बघू लागले. आता सांगायचं, मी मनाशी म्हणालो, आणि तोंडातून निघालं, "मी शाळेत होतो."

"रविवारी?" दादा म्हणाला.

दादानं खिडकीतली उरलेल्या माणसांची माझी डबी उघडली, बोटानं चाळवली आणि तो मुलगा बाहेर काढला. रांजणामागं उभा केला. मग तोंड फलाटाकडं वळवलं.

"तिवईखालून पाय दिसत होते तुझे," तो म्हणाला. "लटलट कापायलते. ते बघितलं म्हणून तर मीच घेतला म्हणालो."

मी फळीचा काठ धरला. जिथं मी आयुष्यभर लपून होतो, तिथं तो पहिल्या दिवसापासून मला बघत होता. इतकी लाज मला त्या दुपारीही वाटली नव्हती.

"मग बोलला का नाहीस कधी?"

"तू बोलशील म्हणून."

मी त्याच्या उजव्या बाजूला गेलो, मशीनपाशी, आणि हळूच म्हणालो, "दादा..." त्यानं हात वर करून मला थांबवलं. मशीन कानातून काढलं, खिशात ठेवलं. मग त्यानं मान वळवून गेलेला डावा कान माझ्या तोंडाशी आणला.

"ह्या कानात सांग."

"दादा, सगळे आहेत."

कान तसाच माझ्या तोंडाशी होता. ऐकूच आलं नसेल. बायको तुपाचं भांडं घेऊन दारात उभी होती. पंगतीत कुणीही पानातून हात उचलला नव्हता.

"गोळा मी घेतला होता," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं."

"गोळा मी घेतला होता. तुझ्या दप्तरात मी टाकला."

"पुन्हा."

मी ओरडलो. आवाज फाटला, दोघी लक्ष्म्यांपुढची समई फडफडली. दादानं कान हलवला नाही. वडिलांचा हात फळीवर अजून उगारलेलाच होता.

"पुन्हा," दादा म्हणाला.