लाल झग्यातल्या बाईच्या वकीलकाकू

वकीलकाकू पहिल्याच भेटीत विचारायच्या, "मेल्यावर तुझ्या वस्तूंचं काय करायचं, कुणाला सांगून ठेवलंयस का?" ब्रिस्टलच्या मराठी मंडळात लोक त्यांच्या शेजारची खुर्ची टाळत. मला विचारलं तेव्हा मी विद्यार्थिनी होते आणि माझ्या तोंडात बटाटेवडा होता.

त्या वकील नव्हत्या. नवरा विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. तो गेल्यावर त्या जुन्या कागदपत्रांच्या रेकॉर्ड ऑफिसात बसून पाचशे वर्षांपूर्वीची मृत्युपत्रं वाचायला शिकल्या आणि मेलेल्यांच्या बाजूने जिवंतांशी भांडू लागल्या, म्हणून हे नाव. मनातल्या मनात कधी वाचत नसत. "मरणाऱ्याने हे बोलून सांगितलंय. गप्प राहून वाचलं तर अर्धंच पोचतं." तिथल्या लोकांनी शेवटी त्यांना वेगळी खोली दिली.

त्यांची सगळ्यात जवळची अशील एका कापडव्यापाऱ्याची विधवा. तिने सांगितलं होतं: माझा उत्तम लाल झगा विका, त्यातून गावच्या चर्चमध्ये ओकच्या फळीवर मेरीचं चित्र काढा, पुढे मेणबत्ती ठेवा, बघेल त्याने माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी. चित्रात मेरीने अंगावरचं वस्त्र पदरासारखं पसरलंय, खाली माणसं दाटीने उभी आहेत आणि कोपऱ्यात गुडघे टेकून ही बाई, लाल झग्यात. पुढे राजाने देशाचा पंथ पालटला, असली चित्रं मूर्तिपूजा ठरली, तेव्हा कुणीतरी सुरीने सगळ्यांची तोंडं खरवडली. मेरीचंही. हिचं तेवढं राहिलं. "प्रार्थनेची वाट बघतेय ती," मला चित्र दाखवायला नेलं तेव्हा काकू म्हणाल्या. त्या थंड चर्चमध्ये चित्राकडे पाठ करून उभं राहायला मला नको वाटलं.

मग छत गळायला लागलं आणि चर्चच्या कमिटीने चित्र विकायचं ठरवलं. इराक युद्धाविरुद्धच्या पत्रकांवर माझा हात बसलेला होता. मी या विक्रीविरुद्धही पत्रक काढलं, सरळ लिहिलं: मेलेली बाई हरकत घेऊ शकत नाही म्हणून तुम्ही विकताय. याला चोरी म्हणतात. आजही यातला एक शब्द मी मागे घेणार नाही.

गावच्या सभेला काकू पहिल्या रांगेत. कमिटीचे प्रमुख अतिशय सभ्य. "मॅडम, पण हा तुमचा धर्म नाही."

"धर्म नसेल. मरण माझंही आहे."

मग त्यांनी मृत्युपत्र वाचलं. शेवटचं वाक्य असं होतं की हे चित्र इथून जो हलवील, त्याने देवापुढे मला उत्तर द्यावं. तरी विकायच्या बाजूने हात वर झाले, एकेक करून, एकमेकांकडे न बघता. चित्र ब्लँकेटात गुंडाळून व्हॅनमधून गेलं. छत झालं, पण माणसं यायची थांबली. चर्च बंद पडलं आणि तिथे फ्लॅट निघाले.

काकू हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा लेस्टरहून मुलगा आला होता. "नर्सला थांबव," त्या मला म्हणाल्या, "साक्षीदार लागतो."

"आई, प्लीज, हे आत्ता नको."

"आत्ता नाही तर कधी, राजा? आत्म्याचं माझं मी बघते. देह जाळा. घर तुला. समई मात्र हिला. चर्चमधल्या त्या चित्राच्या भिंतीपुढे एकदा लाव गं, बाई अंधारात आहे."

"काकू, चित्र तिथे नाही आता."

"चित्र विकलं त्यांनी. तिचं मागणं कुठे विकलंय?"

काकू गेल्या. मुलाने समई टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली.

चर्चच्या जागी झालेल्या त्या फ्लॅटची मी जाऊन बेल वाजवली. दार माझ्याच वयाच्या एका माणसाने उघडलं. मी सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं.

"कुठली भिंत?"

मी दाखवली. भिंतीला लागून पाळणा होता, त्यात बाळ झोपलेलं. मग त्याने पाळणा हळूच ओढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला.

"लावा," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पाळण्याच्या पुढे उभा राहिला.