कंदाला पाणी कोणी घातलं

माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं बोलणं बंद होतं, तेव्हाची ही गोष्ट. भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आमचं गाव फैजपूरजवळ, घरची केळी. शेताच्या वाटण्या झाल्या, पण विहीर एकच राहिली. एक दिवस त्याची पाळी, एक दिवस माझी. एका उन्हाळ्यात त्याच्या पाळीच्या दिवशी माझ्या केळीत ओल दिसली. भाऊ बांधावर येऊन एवढंच म्हणाला, "पानी वळवलं का रे?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "खोटं नको बोलू." झालं! माझं डोकं मुळातच गरम. चार माणसांसमोर मी त्याला नाही नाही ते बोललो, वर आईची शपथ घेतली. तेव्हापासून तीन वर्षं आम्ही बांधाच्या दोन बाजूंना राबत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

पाणी मीच वळवलं होतं. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला काही राहत नाही.

आम्हा दोघांना शाळेत भूगोल शिकवलेले एक नाना होते. मूळचे साक्रीकडचे. निवृत्त होऊन गावी गेले, पण पाय घरात ठरेना. दर हिवाळ्यात धुळ्या-जळगावची आठ-दहा माणसं गोळा करायची, प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक, आणि कुठल्या तरी डोंगरात घेऊन जायचं, हा त्यांचा छंद. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका वर्षी त्यांनी जाहीर केलं, यंदा डोंगर नाही, समुद्र. अंदमानला जायचं, शिडाची होडी घ्यायची आणि पाच दिवस बेटाबेटांवरून हिंडायचं. मी लगेच नाव दिलं. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला समुद्राचं फार आकर्षण असतं.

भुसावळच्या फलाटावर बघतो तर बाकावर भाऊ बसलेला. पाठीला नवी कोरी सॅक, पायांत नवे बूट, हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मला बघून त्याचंही तोंड आंबट झालं. दोघांनाही न सांगता नानांनी दोघांची नावं घातली होती! मी नानांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "नाना, मी चाललो घरी." नाना मिशीत हसले. मजेत आले की ते अहिराणीवर उतरत. म्हणाले, "जाय ना. पन होडी एकच शे, तठून उतरीसन कोठे जाशात?" म्हणजे, आता जा हवं तर, पण एकदा होडीत बसलात की उतरून कुठे जाल? तेवढ्यात गाडी आली, आणि खरं सांगतो, मला समुद्र बघायचाच होता.

मद्रासपर्यंत रेल्वे आणि पुढे तीन दिवस जहाज. जहाजात आम्ही सगळेच ओकून ओकून आडवे झालो. भाऊ एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मधूनच नाना एक लिंबू घेऊन येत आणि म्हणत, "त्याने दिलंय." मी म्हणे, "मला नको म्हणावं." आणि नाना वळले की चोखून टाकी.

होडी मात्र झकास निघाली. लाकडी, पांढऱ्या शिडाची, आम्ही दहा माणसं आणि होडीचा मालक. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. साठीचा, काळाकभिन्न, हिंदी बोलणारा, हसणं जवळजवळ नाहीच. पहिल्याच सकाळी त्याने दोन निळे पिंप दाखवले. पिण्याचं पाणी एवढंच. पाच दिवस पुरवायचं. अंघोळ समुद्रात, भांडी समुद्रात, माणशी रोज चार लोटे पिण्याला. आणि पाण्यावर एक भरवशाचा माणूस ठेवा, म्हणाला.

नाना म्हणाले, "शेतकऱ्याकडे द्या, त्याला पाण्याची किंमत असते." सगळ्यांनी भाऊकडे बोट केलं. भाऊने कॅप्टनकडून एक काठी मागितली, पिंपात बुडवली आणि चाकूने तिच्यावर पाच खाचा पाडल्या, एका दिवसाला एक. गावाकडे हौदातलं पाणी आम्ही असंच मोजायचो. मला ते बघून बरं वाटलं, पण मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

काय दिवस होते ते! वाळूच्या तळाचं हिरवं-निळं पाणी, शीड भरलं की होडी कुशीवर कलायची आणि जळगावचा औषधाचा दुकानदार "अरे बाप रे, अरे बाप रे" करत डोलकाठीला मिठी मारायचा. एखाद्या बेटाजवळ नांगर टाकला की आम्ही विहिरीत मारतो तशा उड्या मारायचो, गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन. कॅप्टन वैतागायचा. समुद्राचं पाणी माणसाला आपसूक वर उचलतं, हे मला माहीत नव्हतं. मी पाठीवर पडून आभाळ बघत राही. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला विहिरीत ढकलणारा भाऊच होता, हे तिथे पडल्या पडल्या रोज आठवायचं. कॅप्टनने रांधलेला मासा आमच्यातल्या निम्म्यांना चालत नसे. आम्ही भातावर शेंगदाण्याची चटणी घेऊन पोटभर जेवायचो. ती चटणी माझ्या ताटात नानांच्या हातून यायची.

पहिल्या दुपारी एका बेटावर उतरलो. तिथे चार-पाच घरं होती आणि एका म्हाताऱ्याच्या घरामागे केळी. आम्ही दोघं भाऊ न ठरवता तिथेच जाऊन उभे. लालसर सालीची, जाड, बोटभर लांबीची फळं. आमच्याकडे तेव्हा सगळी बसराई जातीची हिरवी केळी, असलं काही बघितलेलंच नाही. म्हाताऱ्याने खायला दिलं. अहाहा, मधच! भाऊने पानावरून हात फिरवला, खोड दाबून बघितलं आणि काही न बोलता निघून गेला. मला राहवेना. मी म्हाताऱ्याच्या हातापाया पडून एक कंद मागितला. कंद म्हणजे केळीचा जमिनीतला गड्डा, लागवड त्याचीच होते. त्याने चांगला नारळाएवढा कंद खणून दिला. मी तो पोत्यात गुंडाळला आणि होडीच्या मागच्या टोकाला, सावलीत बांधला.

आता कंदाचं असं असतं, सावलीत पडला तर पंधरा दिवस त्याला काही होत नाही. पाणीबिणी लागत नाही. पण होडी चालायला लागली तशी लाटेचे तुषार थेट पोत्यावर येऊ लागले. संध्याकाळी मी पोत्याला जीभ लावून बघितली. खारट! केळीला मीठ म्हणजे विषच. हा कंद घरी पोचेपर्यंत मरणार. कॅप्टनला सांगावं तर तो समुद्रात फेकून देईल. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, सगळे झोपलेले असताना, मी पिंपातून दोन लोटे गोडं पाणी काढलं आणि पोतं धुऊन काढलं. दोन लोट्यांनी काय होतंय, असं वाटलं. पाच अश्वशक्तीच्या मोटारीवर पाणी सोडणारा माणूस मी, मला लोट्याची किंमत कुठून असणार?

तिसऱ्या दिवशीही तेच केलं, चौथ्या दिवशीही. गंमत म्हणजे मी जावं तर पोतं आधीच ओलं असायचं, आणि चव घेतली तर फारसं खारटही नाही. समुद्राची हवा कंदाला मानवली वाटतं, असं म्हणून मी खूश होऊन दोन लोटे ओतून यायचो.

चौथ्या दिवशी दुपारी वारा पडला. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. होडीला छोटं इंजिन होतं, पण त्याचं तेल बंदरात शिरण्यापुरतंच. कॅप्टनने पिंपात काठी घातली आणि वर काढून बघतच राहिला. चौथ्या दिवशीच पाणी शेवटच्या, पाचव्या दिवसाच्या खाचेखाली गेलं होतं. "पानी किसने लिया?" तो म्हणाला. आज एखाद्या गावाच्या धक्क्याला पोचलो नाही तर उद्याचं काय, हे सगळ्यांना कळलं होतं.

मग धुळ्याचा एक कारकून होता, तो हळूच म्हणाला, "पाण्यावर तर भाऊ होते ना?"

सगळ्यांनी भाऊकडे बघितलं. भाऊ खाली मान घालून बसला. बांधावर मी त्याला वाट्टेल ते बोललो होतो, तेव्हाही तो अशीच मान खाली घालून उभा राहिला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या कारकुनाच्या अंगावर धावलो, "माझ्या भावाला चोर म्हणतो? त्याने आयुष्यात कोणाचं थेंबभर पाणी घेतलेलं नाही!" आणि ते बोलता बोलताच माझी जीभ अडखळली. चोर मीच होतो की! सगळे माझ्याकडे बघत होते. आता गप्प बसलो तर पुन्हा तोच खोटेपणा, आणि पुन्हा त्याच्याच माथी.

"मी घेतलं," मी म्हणालो. "कंदासाठी. रोज दोन लोटे, तीन दिवस." मग थांबता येईना. भाऊकडे बघून म्हणालो, "आणि ते विहिरीचं पाणीही मीच वळवलं होतं, भाऊ. आईची खोटी शपथ घेतली." लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं.

कॅप्टनला विहिरीशी काही घेणंदेणं नव्हतं. तो काठी बघत म्हणाला, सहा लोट्यांत एवढं पाणी उतरत नाही, निदान दुप्पट गेलंय. बाकीचं कुठे गेलं?

भाऊने मान वर केली. कानापर्यंत लाल झाला होता. "बाकीचं मी घातलं," तो म्हणाला.

"कशात?"

"त्याच्याच कंदाले. दुपारी तुम्ही पोहत राहता तवा. म्हनलं, हा गाढव नुसतं पोतं बांधून मोकया झाला. मीठ लागून मरीन तो कंद."

मग नाना पोट धरून खाली बसले. "बठ्ठं पानी ती केय पी गयी!" म्हणाले, म्हणजे सगळं पाणी ती केळच पिऊन गेली, आणि अख्खी होडी हसायला लागली. औषधवाला हसता हसता डोलकाठीवर आपटला. कॅप्टनलासुद्धा तोंड फिरवावं लागलं. मी मात्र भाऊकडे बघत होतो. तो माझ्याजवळ सरकला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मधे नाना न घालता बोलला.

"विहिरीचं मले तवाच माहीत व्हतं. तुही केयी सुकून राह्यली व्हती. मांगितलं असतं तं मी नाही म्हनलं असतं का?"

मला रडू आवरत नव्हतं, आणि आवरायची इच्छाही नव्हती.

त्या दिवशी कॅप्टनने माणशी एकच लोटा दिला, आणि आम्हा दोघांना दोघांत मिळून एक. आधी तू घे, आधी तू घे करत आम्ही तो संपवला. संध्याकाळी वारा उठला, रात्री एका गावाच्या धक्क्याला लागलो. तिथे आम्ही दोघांनी विहिरीवरून हंड्यांनी पाणी वाहून दोन्ही पिंप काठोकाठ भरून दिले. भाऊने कॅप्टनला एक हंडा जास्तीचा नेऊन दिला.

कंद आम्ही मांडीवर घेऊन घरी आणला. लागवडीचे दिवस नव्हते, तरी विहिरीजवळ, आमच्या दोघांच्या बांधावर लावला. गावातली माणसं बघून जायची. कंद बघायला येत की आम्हाला बोलताना बघायला, कोण जाणे. आठ दिवसांत हिरवा कोंब दिसला. मी भल्या सकाळी जाऊन पाणी घालायचो. कोंब वाढेना. मी पाणी वाढवलं. मग तो पिवळा पडला, आणि एके दिवशी हाताने ओढला तर अख्खा निघून आला. खाली सगळा सडलेला.

मी भाऊला हाक मारली. त्याने खाली बसून मातीत बोट घातलं. माती नुसता चिखल होती. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"तू केव्हा घालायचास?" मी विचारलं.

"संध्याकायी. आन तू?"

"सकाळी."

"अरे, मंग सांगायचं नाही का!" तो ओरडला.

"तू सांगितलंस का?" मीही ओरडलो. आणि तो सडका कंद मधे ठेवून आम्ही बांधावर बसून एवढे हसलो की मोटारीवरचा माणूस बघायला आला.

त्यानंतर भाऊने एक सवय लावून घेतली. संध्याकाळी घरी निघाला की बांधावर थांबून माझ्याकडे बघून ओरडायचा, "पानी घातलं का रे?" तिथे पाणी घालायला काही उरलं नव्हतं. मी केळीतून ओरडून सांगायचो, "घातलं, भाऊ!" मग तो घरी जायचा. तो होता तोवर एकही संध्याकाळ त्याने हे चुकवलं नाही.