जहाज जळालं त्या दिवशीचं जेवण

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, पण वही कुणाच्या हाती लागली तर त्यानं समजून घ्यावं.

आमचे हे नांदेड रस्त्यावरच्या ढाब्यावर स्वयंपाकी होते. मग तेल वाहून नेणाऱ्या जहाजावर स्वयंपाकी म्हणून लागले. कागदपत्रांचे आणि एजंटाचे पैसे माझ्या बिलोलीच्या नणंदेनं गळ्यातली माळ मोडून दिले. रेणापूरजवळच्या आमच्या गावात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता.

त्या रविवारी सकाळी मी तूर पाखडत होते. धाकटे दीर मोबाईल घेऊन आले.

"वहिनी, हे बघा. दादाची बोट हाय."

व्हिडिओत जहाज मधोमध मोडून खडकावर पडलं होतं. भोवती काळं पाणी. तिकडच्या देशाच्या लष्कराची विमानं आली आणि त्यांनी जहाजावर बॉम्ब टाकले. आग दिसली, मग नुसता धूर.

"बॉम्ब कशापायी?"

"तेल जाळायला. न्हाई तर किनाऱ्याला जातंय म्हणं."

"माणसं?"

"काढली असतील की आधी."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. यांनी पाठवलेल्या फोटोतला तोच तांबडा रंग, तेच नाव. यांचा फोन बंद होता. रविवार, त्यामुळे मुंबईच्या ऑफिसात कुणी उचलत नव्हतं.

मला रडू आलं नाही. सूप हातात होतं, उरलेली तूर पाखडून घेतली.

दुपारपर्यंत व्हिडिओ गावभर झाला. बाया येऊन बसल्या.

"भाऊजीला पोहता येतंय का गं?" एकीनं विचारलं.

"विहिरीत येतंय," माझी जाऊ म्हणाली. एकीला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला.

नणंद एसटीनं आली ती रडतच. "माझ्या दादाला मीच धाडलं गं माय!" पैशाबद्दल अवाक्षर बोलली नाही.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात. शेजारच्या काकूंनी तशी टोपली आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

दीर चिडले. "काकू, अजून काय कळलं न्हाई आन् तुमी हे काय आणलाव?"

"आरं, बॉम्ब पडताना समद्यांनी बघितलं की. तिच्या पोटात काय तर जाऊ दे."

मी नको म्हणायला हवं होतं. तो घास खाल्ला म्हणजे मी कबूल केलं, हे मला कळत होतं. पण चार बायांत माझं तोंड उघडत नाही. काकूंनी घास तोंडापाशी आणला आणि मी खाल्ला. पिठल्यात मीठ कमी होतं. दीड भाकर खाल्ली. एक म्हातारी माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "बांगड्याचं उद्या बघू."

सोमवारी दुपारी परक्या नंबरावरून फोन आला.

"मी हाय," हे म्हणाले. "ऐकू येतंय का? बोट मोडली तवाच आमाला खाली घेतलं. फोन तिथंच राहिला. तुझा नंबर आज ऑफिसातून मिळाला. बॉम्ब टाकताना किनाऱ्यावरून बघितलं आमी. कणीक मळून ठिवली होती, तशीच गेली."

"हाव."

"जेवलीस का?"

"हाव."

"काय केलतीस?"

"पिठलं."

नणंदेनं फोन ओढून घेतला आणि ती रडली. मी काकूंची टोपली धुऊन परत दिली. कडू घासाचं यांना आजवर सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर ते महिनाभर नुसते बसून होते. "परत जात न्हाई मी," म्हणायचे. मी जा म्हणाले नाही, नका जाऊ असंही म्हणाले नाही. नणंद आली की आम्ही दोघं तिच्या रिकाम्या गळ्याकडे बघायचो. शेवटी ते गेले, तेलाच्याच दुसऱ्या जहाजावर. पगार आला की मी बिलोलीला पैसे पाठवायची. फोनवर ते जेवलीस का विचारायचे. जेवलेली असो नसो, मी हाव म्हणायची.

गेल्या आठवड्यात बिलोलीला जाऊन शेवटचे पैसे नणंदेच्या हातात दिले. तिनं मोजले नाहीत.

संध्याकाळी यांचा फोन आला. त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हणाले, "पैसे समदे फिटले. आता घरी या."